लिलावात निघालेल्या दुपारी

प्रिय नेहा आणि जोएल,

परवा फोनवर नेहाने विचारलं, "आजी, माझ्या मैत्रिणीची आई खूप आजारी आहे. आमच्या चर्चमधले सगळे त्यांच्या घरी जाणार आहेत. तिथे जाऊन काय बोलायचं असतं?" मी म्हटलं, विचार करून सांगते. मग तुमच्या बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आई, तिला आपल्या बाबांच्या, तिच्या आजोबांच्या, आजारपणाचं सांग ना."

ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर मी शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण यातली माणसं माझ्या कानात मराठीतच बोलतात, आणि त्यांना इंग्रजी बोलायला लावलं तर ती ओळखू यायची नाहीत. अडलं तर बाबांना विचारा.

चप्पल

तुमचे आजोबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना फोरमनसाहेबच म्हणायचे, जसं मला शाळा सोडल्यावरही बाई म्हणतात. त्यांचं मूळ गाव पिंपळवंडी, पण आम्ही राहायचो जुन्नरला, चर्चच्या मागच्या गल्लीत. तुमचे बाबा तेव्हा मस्कतला नोकरीला होते. तुम्ही दोघं अजून जन्मला नव्हता. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि आमच्याकडे नुकताच फोन आला होता.

त्या श्रावणात आजोबांना साधा ताप येऊन गेला. बरे झाले, बाजारात जाऊन आले. मग एके सकाळी अंगणातून त्यांचा आवाज आला, "अगं, ही चप्पल पायात राहत नाही."

"सैल झाली असेल. दुरुस्तीला द्या," मी आतूनच म्हटलं.

त्यांनी बूट घातले. संध्याकाळी त्यांना घराची पायरी चढता येईना. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना हात असा थरथरला की कप बशीत पडला. ते हसले आणि म्हणाले, "गाडीची वायरिंग गेली वाटतं." मी हसले नाही.

नारायणगावच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोट्या हातोडीने ठोकलं. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग हातोडी ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर हळूच बंद केला, आणि मला म्हणाले, "बाई, आजच पुण्याला न्या. उद्यावर टाकू नका." मला वाटतं, तो ड्रॉवर बंद झाला तेव्हाच मला सगळं कळलं होतं.

पुण्यात त्या आजाराचं नाव सांगितलं. ते लांबलचक परदेशी नाव आहे, बाबा सांगतील. एवढंच समजून घ्या की काही वेळा ताप गेल्यावर आपलंच शरीर चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतं. पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं. डोकं मात्र पूर्ण शाबूत राहतं. माणसाला सगळं ऐकू येतं, कळतं, दुखतं. फक्त हलता येत नाही.

"बरे होतील?" मी विचारलं.

"बहुतेक लोक होतात," डॉक्टर म्हणाले, "पण नसा सावकाश भरून येतात. महिने लागतील. तोवर त्यांचं अंग जपावं लागेल."

त्याच संध्याकाळी त्यांचा श्वास कमी पडायला लागला आणि त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

किल्ली

यंत्रावर असलेल्या माणसाला दिवसातून ठरावीक वेळीच भेटता येतं. बाकीचा सगळा दिवस बाहेरच्या बाकावर. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. माझ्या कपाटातले रुमालसुद्धा घडीला घडी लावून असतात. त्या बाकावर मी पिशवीतल्या वस्तू बाहेर काढायचे आणि पुन्हा नीट लावून ठेवायचे. तेवढंच माझ्या हातात होतं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या एका मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, फोन केला होता. तिथल्या एक बाई आल्या. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी आपल्या चर्चच्या रीतीने "सलाम" म्हटलं, शेजारी बसल्या, आणि मी आता प्रार्थनेसाठी डोळे मिटणार तर त्यांनी माझ्या हातावर एक किल्ली ठेवली.

"माझं घर इथून मागच्याच रस्त्यावर आहे. दुपारी घरात कोणी नसतं. गीझर चालू ठेवून जाईन. अंघोळ करा, पलंगावर पडा, कुलूप लावून या. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

"अहो, पण तुम्ही मला ओळखत नाही."

"आजारपण संपल्यावर ओळख करून घेऊ," त्या म्हणाल्या.

प्रार्थना त्यांनी केली, पण जाताना, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत. त्या दुपारी गरम पाण्याखाली उभी राहून मी पहिल्यांदा रडले. रडायलाही दाराला आतून कडी लागते.

माणसं येतात

यंत्र सुटलं, श्वास त्यांचा ते घ्यायला लागले, आवाज परत आला. हातपाय मात्र तसेच. मग आम्हाला घरी पाठवलं. मंचरहून व्यायाम शिकवणारे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकी सगळं माझ्याकडे: भरवणं, पुसून घेणं, दर थोड्या वेळाने कूस बदलणं. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. आणि आजोबा माझ्या दीडपट.

आमची मंडळी लहान, पण प्रेमळ. आम्ही घरी आलो आणि भेटींना सुरुवात झाली. सकाळी पाळकसाहेब. दुपारी महिला मंडळ. संध्याकाळी तरुण संघ, पेटी घेऊन. ओतूरचे, बेल्ह्याचे, आळेफाट्याचे विश्वासी, म्हणजे चर्चचे लोक, आपापल्या सवडीने. सगळे पलंगाभोवती बसायचे, एक गीत म्हणायचे, लांब प्रार्थना करायचे, मग "फोरमनसाहेब, धीर धरा" म्हणायचे. आणि आमच्याकडे आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची पद्धत नाही.

तेव्हा मी दिवसभर चहाच करायचे. एकांचे कप धुऊन होईतो दुसरे यायचे. आजोबा डोळे मिटून पडायचे; लोकांना वाटायचं, प्रार्थनेत आहेत. ते झोपेला आलेले असायचे.

जाताना प्रत्येक जण दारात थांबून म्हणायचा, "बाई, काही लागलं तर सांगा हं." मी म्हणायचे, "हो, सांगेन. सगळं ठीक आहे." कोणाला काय सांगणार? मला झोप लागते आहे, हे?

शेजारच्या कौसाबाई मात्र काही विचारायच्या नाहीत. त्यांची टोमॅटोची मोठी शेती, घरात चार गडी राबणारे, आणि तोंड असं की गल्लीत कोणी त्यांच्या नादी लागायचं नाही. त्या चर्चच्या नाहीत. मागच्या दाराने यायच्या, भाकरी ठेवायच्या आणि जायच्या.

गाणं चालू असताना

एका दुपारी महिला मंडळ आलं होतं. अध्यक्षा सुशीलाबाई, आवाज खणखणीत. बाहेर गीत रंगात आलं होतं. मी स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात चहा ठेवला आणि खाली वाकून साखरेचा डबा घेतला. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी जमिनीवर बसले आणि मला उठता येईना. हाक मारली. गीताचं तिसरं कडवं चालू होतं. पुन्हा हाक मारली. चहा उतू जाऊन गॅस विझला, त्याचा वास यायला लागला, आणि मला हात वर करून बटणही बंद करता येईना.

कौसाबाई मागच्या दाराने आल्या. आधी त्यांनी गॅस बंद केला. मग माझ्याकडे बघितलं. "अवो बाई, हे काय व?" एवढंच म्हणून त्यांनी पदर खोचला आणि त्या तडक बाहेरच्या खोलीत गेल्या.

"ओ पावण्यांनो! बास करा. हितं बाई पडल्यात आत. न् तुमी गाता व्हय?"

गीत थांबलं.

सुशीलाबाई म्हणाल्या, "आम्ही प्रार्थनेला आलो आहोत, भांडायला नाही."

"प्रार्थना करा की! देव काय न्हाई म्हनतोय का? पर तुमी येता, गाता, च्या पिता न् जाता. त्या मानसाचं समदे बगत्यात. बाईचं कोन बगतंय? येक तरी कप कुनी विसळलाय का आजवर?"

मी आतून म्हणत होते, "कौसाबाई, राहू द्या हो." मला माझ्या कमरेपेक्षा त्या शब्दांचं जास्त वाटलं. इतक्या वर्षांच्या मंडळीत असं बोलणं! सुशीलाबाईंनी मला उचलायला मदत केली, पण चेहरा दगडासारखा. पुढच्या दिवशी कोणी आलं नाही.

सोमवारची गाडी

मंचरच्या डॉक्टरांनी माझी कंबर बघितली आणि सरळ सांगितलं, "यापुढे तुम्ही त्यांना उचलायचं नाही. नाहीतर घरात दोन खाटा पडतील. पुण्यात अशा रुग्णांना ठेवणाऱ्या संस्था आहेत. चौकशी करा."

तुमच्या बाबांनी मस्कतहून फोनाफोनी करून जागा मिळवली. ते फोनवर म्हणाले, "आई, मला नोकरी सोडून येता येत नाही. तू एकटी हे करू शकत नाहीस. पुण्याला ठेवू या." ते बरोबरच बोलत होते. मी गाडी ठरवली. कापणीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी.

मी पलंगाशी बसून आजोबांना सांगितलं. ते ऐकत होते. म्हणाले, "तुला जमत नाही तर ठेव." मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली. तेव्हा त्यांना फक्त मानच वळवता यायची.

मी त्यांची चादर सरळ केली. ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "तिथे मला कोण ओळखतं, अगं. तिथे मी नंबराचा पलंग होणार."

कूस बदलायची वेळ झाली होती. मी कौसाबाईंच्या गड्याला हाक मारली.

कापणीचा सण

आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. बाजरीची कणसं, भुईमूग, भोपळे, कांद्याच्या माळा, कोणी जिवंत कोंबडी, शहरात नोकरीला असलेल्यांकडून केक. उपासनेनंतर बाहेर पटांगणात या सगळ्याचा लिलाव होतो. एक भोपळा चार चार जण चढाओढीने घेतात, आणि ज्याला मिळतो तो पुन्हा दान करतो, म्हणून तोच भोपळा परत लिलावात येतो. दरवर्षी हसून हसून पोट दुखतं.

लिलाव पुकारायचे लाजरसभाऊ. ते बेल्ह्याचे. तिथल्या बैलबाजारात ते दलाली करायचे आणि आमच्या मंडळीत वडील, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, होते. आवाज असा की माइक लागायचा नाही. आजोबा पुण्याला यंत्रावर होते तेव्हा लाजरसभाऊ काचेतून बघून गेले होते. आजोबांना बोलता यायला लागल्यावर त्यांचं पहिलं विनोदी वाक्य हेच होतं: "लाजरस येऊन गेला म्हणजे मी उठणारच." बायबलमधला लाजरस मेलेला उठला होता ना.

त्या रविवारी कौसाबाई आजोबांजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, "जा, देवाला भेटून या. उद्या तर निगालाच हाय." मी कंबरेला पट्टा बांधून मागच्या बाकावर बसले. सुशीलाबाई पुढे होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

लिलाव सुरू झाला. भोपळा दोनदा फिरला. कोंबडी सुटून पाळकीणबाईंच्या मागे लपली. सगळं संपत आलं तेव्हा लाजरसभाऊंनी रिकामा हात वर केला.

"आता शेवटची वस्तू. बगा नीट. दिसत न्हाई? दिसायची बी न्हाई. ही हाय फोरमनसाहेबांच्या घरची सोमवारची दुपार!"

लोक हसले. मग थांबले.

"परवा मला बाजारात कौसाबाई भेटल्या. चार मानसांत मला धरलं त्यांनी. म्हनल्या, तुमची मंडळी च्या प्यायला जाते का सेवेला? मला लई लाज वाटली राव. आमी बैल इकतो, पर बैल बसला तर चौगं मिळून उठवतो. हितं आपला मानूस बसलाय, न् त्येला एकटी बाई उठवती. उद्या त्येला पुण्याला धाडायचं चाललंय. तर बोला! पैसा चालनार न्हाई. हात लागत्यात. कुशीवर करायचं, पाय चोळायचं, न् गप बसायचं. गानं त्यानं मागितलं तरच. आनि च्या आपल्या घरून पिऊन यायचा. सोमवार दुपार! कोन घेतंय?"

मुलांनो, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्या घरातली गोष्ट भोपळ्यासारखी उंच धरली होती. मी उठून जाणार होते, पण कंबरेने मला झटकन उठू दिलं नाही.

"मी," आळेफाट्याच्या गॅरेजवाल्या विजयने हात वर केला. "साहेबांनी मला स्पॅनर धरायला शिकवलाय. जेवणाची सुट्टी त्यांच्याकडे."

"आमी दोघं भाऊ येतो, आमाला जास्त वेळ द्या," मागून कोणी ओरडलं. तरुण संघाने सकाळच्या अंघोळी घेतल्या. मंगळवारवर दोन घरांचं भांडण जुंपलं, तेव्हा लाजरसभाऊंनी त्याची सकाळ आणि दुपार अशी वाटणी केली. बुधवार पुकारला आणि स्वतःच म्हणाले, "बुधवार माझा!"

"लिलाव करणाऱ्यानं बोली लावायची नसते!" पाळकसाहेब म्हणाले.

"बेल्ह्याच्या बाजारात लावतो मी! बुधवार गेला!"

लोक पुन्हा हसायला लागले. मग शनिवार आला आणि सुशीलाबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या माना वळल्या, कारण त्या दुपारचं बोलणं सगळ्यांना ठाऊक होतं.

"शनिवार. पूर्ण."

"पूर्ण म्हंजी?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण. मी सकाळी येणार, दिवे लागल्यावर जाणार. स्वयंपाक करणार, कप विसळणार." त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "आणि बाईंनी घरात थांबायचं नाही."

लाजरसभाऊंनी विचारलं, "बाई, तुमचं काय म्हननं?"

मी म्हणाले, "गाडी ठरली आहे, लाजरसभाऊ. उद्या सकाळची."

"गाडीवाल्याला मी बगतो. तुमचं काय म्हननं, ते बोला."

आयुष्यभर मी वर्गात मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावलं. त्या दिवशी मी फक्त होकाराची मान हलवली.

दुपारी

पहिले काही दिवस गोंधळ झाला. विजयने त्यांना जॅकवर गाडी घ्यावी तसं उचललं आणि आजोबा ओरडले, "अरे, मी ट्रक आहे का?" तरुण संघाने दाढी करताना त्यांची मिशीच काढून टाकली. आजोबांनी आरसा मागितला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "पिंपळवंडीला कळवू नका." मंचरच्या डॉक्टरांनी सगळ्यांना एकदा बसवून कूस कशी बदलायची ते दाखवलं, आणि मग हळूहळू ते सराईत झाले.

मलाही शिकावं लागलं. पहिल्या शनिवारी सुशीलाबाईंनी मला अक्षरशः दाराबाहेर काढलं. मी रस्त्यावर उभी राहिले आणि कुठे जायचं ते कळेना. चर्च उघडं होतं. आत जाऊन बाकावर बसले, प्रार्थनेसाठी डोळे मिटले, आणि जाग आली तेव्हा डोक्याखाली कोणीतरी सतरंजीची घडी ठेवली होती. देवाने ती प्रार्थना ऐकली असं मी मानते. मी एकही शब्द बोलले नव्हते.

सुशीलाबाई आणि कौसाबाई यांचं काय झालं, असं नेहा विचारेल. त्या दोघी शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात भाजी कोणाची जास्त तिखट यावरून भांडायच्या. भांडण हा त्यांचा समेट होता.

वाईट दिवसही होते. नसा जाग्या होताना आग होते. चादरीचा स्पर्श नको व्हायचा. ते चिडायचे, मदतीला आलेल्यांवर नाही, माझ्यावर. एकदा चमचा तोंडाजवळ नेला तर म्हणाले, "मला मरू दिलं असतं तर सुटलो असतो." त्या दिवशी पाळकसाहेब आले होते. तरुण माणूस, नुकताच सेमिनरीतून, पाळकांच्या शाळेतून, आलेला. आजोबांना त्यांनी काही उपदेश केला नाही. ते माझ्या मागे अंगणात आले आणि विचारलं, "बाई, तुम्ही कशा आहात?"

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "ठीक."

ते हलले नाहीत. तिथेच दोरीवर वाळत टाकलेल्या चादरीचं एक टोक धरून उभे राहिले. मग मी सांगितलं. बरंच सांगितलं. देवाबद्दलही जे बोलू नये ते बोलले. त्यांनी ऐकलं आणि चादरीची घडी घालायला मदत केली. घडी वाकडी घातली. मी ती पुन्हा उलगडून सरळ केली, आणि दोघंही हसलो.

रुमालाखाली

लाजरसभाऊंचा बुधवार मला सगळ्यात आवडायचा, कारण घरात हसू असायचं. बैलबाजारात सौदा तोंडाने करत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. लाजरसभाऊ आजोबांच्या हातावर टॉवेल टाकायचे, आत त्यांची बोटं धरायचे आणि अख्खा बाजार उभा करायचे.

"हा बगा खिलारी. पाठ कशी हाय, आरसा! काय देता?" मग स्वतःच आजोबांचं बोट दाबून म्हणायचे, "एवढंच? अवो साहेब, बैलाला लाज वाटंल!"

आजोबा हसायचे. बोटं मात्र निर्जीव. थंडी सरेपर्यंत हा खेळ चालला.

थोडा वेळ ऐकलं की तेही मला शनिवारसारखं बाहेर पिटाळायचे. एका बुधवारी मी अशीच बाहेर जायला निघाले होते. आतून लाजरसभाऊंची आरोळी आली. मी घाबरून धावले. लाजरसभाऊ टॉवेलाकडे बघत होते, जणू खाली साप आहे.

"बाई, ह्यांनी भाव सांगितला!"

"काय?"

"बोट दाबलं! मी न्हाई, ह्यांनी! साहेब, पुन्यांदा दाबा. दाबा!"

मी टॉवेलाखाली हात घातला. तुमच्या आजोबांचं बोट माझ्या बोटावर होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग अगदी हलकं, पाखरू बसावं तसं काहीतरी झालं.

आजोबा म्हणाले, "फार मागतोय हा. बैल म्हातारा आहे."

लाजरसभाऊ टॉवेल डोळ्यांना लावून रडत होते. माझं बाहेर जायचं राहूनच गेलं.

नेहासाठी

तेव्हा नेहा, तुझ्या मैत्रिणीच्या घरी जा, आणि काय बोलायचं याची काळजी करू नकोस. "काही लागलं तर सांगा" एवढं मात्र म्हणू नकोस. दमलेल्या माणसाला काय लागतं तेही सुचत नाही. "मंगळवारी मी येते, तुम्ही बाहेर जा," असं म्हण, आणि मंगळवारी जा. आईची चौकशी केलीस की तुझ्या मैत्रिणीचीही कर. ती "ठीक" म्हणाली तर तिथून लगेच निघू नकोस. प्रार्थना कर, पण छोटी कर. तुझ्या चर्चमध्ये लिलाव होत नसेल. काहीतरी तुमच्या पद्धतीचं शोधा. फक्त ज्याचं घर आहे त्याला आधी विचारा. मला आजही वाटतं, लाजरसभाऊंनी आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हेही खरं.

दार

बोटांनंतर मनगट, मग कोपर, मग खांदे. पाय सगळ्यात उशिरा आले. उन्हाळा तापायला लागला तेव्हा ते भिंतीला धरून उभे राहायचे. विजयने गॅरेजमध्ये पाइप जोडून चालायला धरायची चौकट बनवली. तीच अजून माळ्यावर आहे. तुम्ही आलात की तिच्यात खेळता.

आणि मग एका बुधवारी दुपारी दारावर थाप पडली. मी स्वयंपाकघरात होते. मी हात पुसून बाहेर येईतो चौकटीचा ठक ठक आवाज पुढे गेलेला होता. कडी सरकली. दार तुमच्या आजोबांनी उघडलं होतं.

उंबऱ्यापलीकडे लाजरसभाऊ, खांद्यावर टॉवेल. त्यांनी आजोबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम पडला.

"म्हंजी आता माझा बुधवार गेला म्हना की."

"या, आत या," आजोबा म्हणाले. "आता मी उठलोय, तुमची सुट्टी. इतके दिवस फार केलंत."

"सुट्टी कसली? लिलावात घेतलाय मी. आमच्याकडं घेतलेला माल परत करत न्हाईत."

"अहो, पण मला आता काही लागत नाही."

"तुमाला कोन इचारतंय? सरका." ते आत येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसले, टॉवेल मांडीवर पसरला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी अजून हितं उब्या का? बुधवार हाय."

मी आजोबांकडे बघितलं. ते चौकटीला धरून उभे होते, घामाघूम, आणि हसत होते. "जा गं," ते म्हणाले.

मी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि बाहेर पडले.